वॉटलच्या पाटीवर दोन नावे हवीत

झाडांची लॅटिन नावे पक्की आणि लोकांची नावे कच्ची, हा समज ऑस्ट्रेलियातल्या वॉटल नावाच्या झाडांपुढे टिकत नाही. मध्य ऑस्ट्रेलियाच्या लाल, कोरड्या मातीतला मल्गा हा वॉटल शास्त्रात ‘अकेशिया अनेउरा’ आहे. अनेउरा म्हणजे शिरा नसलेला. त्याच्या राखाडी, अरुंद पात्यावर शिरा सहजी दिसत नाहीत. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी पित्जांत्जत्जारा लोकांसाठी तोच ‘वनारी’, अरेर्न्टे लोकांसाठी ‘अर्तेत्ये’. त्याच्या बिया भाजून-दळून खाणाऱ्या आणि टणक लाकडाची हत्यारे घडवणाऱ्या माणसांची ही नावे लॅटिन नावाहून कितीतरी जुनी. प्रत्येक भाषेत नाव निराळे, मग जगभरच्या अभ्यासकांनी बोलायचे कसे, हा आक्षेप रास्तच आहे आणि लॅटिन नाव हवे ते त्याचसाठी. पण तेही अढळ नाही. अकेशिया या नावाचा मूळ नमुना मानली गेलेली जात म्हणजे आपली बाभूळ. व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने २००५ साली ते नाव ऑस्ट्रेलियन वॉटलांकडे दिले, २०११ साली मेलबर्नमध्ये ते कायम झाले. बाभूळ ‘वाचेलिया’ झाली, खैर ‘सेनेगालिया’. हजारभर ऑस्ट्रेलियन जातींची नावे बदलावी लागू नयेत, ही सोय समजण्याजोगी आहे. मात्र शास्त्र सोयीसाठी नाव बदलू शकते, तर स्थानिक नावे अस्थिर म्हणून वगळण्याचा हक्क त्याला उरत नाही. उद्यानातल्या पाटीवर लॅटिन नावाशेजारी स्थानिक नाव, तेही कोणत्या भाषेतले हे सांगून, लिहिलेच पाहिजे.