भीती पोटात ठेवू नका, फोटोत उतरवा

पुलगावच्या माणसाला स्फोट म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान आणि लष्करी अधिकारी त्यात गेले. आजूबाजूच्या गावकऱ्यांना रातोरात घर सोडावे लागले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला. ६ जण गेले; त्यांत पोटासाठी कामावर गेलेले आसपासच्या गावांतले मजूर होते. मृतांची आणि जखमींची नोंद झाली. पण साधा फटाका वाजला तरी दचकून उठणाऱ्या मायबहिणींची, लेकरांची नोंद कोणत्या कागदावर आहे?

आमचे म्हणणे असे, की भीती हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. अंगारा-धुपारा करून ती जात नाही आणि ‘मन घट्ट कर’ म्हटल्यानेही जात नाही. पोटात राहिलेल्या भीतीला आकार नसतो. चित्र काढले, फोटो काढला, की ती समोर येते. मग तिच्याकडे पाहता येते, तिच्याविषयी बोलता येते.

सध्या तरुण पोरांना मोबाइलवर जुन्या रिळासारखे दाणेदार, पिवळसर, थोडे अंधुक फोटो आवडतात. काहींना ही नुसती फॅशन वाटते. आम्हाला त्यात कामाची गोष्ट दिसते. रिळात ३६ फोटो असायचे, त्यामुळे प्रत्येक फोटो मोजून काढावा लागे. उजेड पाहायचा, थांबायचे, मग बटण दाबायचे. घाबरलेल्या मनाला हेच हवे असते: सावकाशपणा, हाताला काम आणि नजरेला एक जागा. शिवाय असा फोटो पाहिला की पेटीतले आजी-आजोबांचे फोटो आठवतात. त्यांनीही वाईट दिवस काढले आणि घर उभे ठेवले.

फोटोग्राफी ही श्रीमंतांची हौस आहे, असे समजू नका. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे काळ्या-पांढऱ्या फोटोंत टिपले. ज्यांच्याकडे पाहून लोक तोंड फिरवत होते, त्यांच्याकडे लोकांना पाहावे लागले. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून वस्तीवस्तीत एक करून पाहा. रविवारी विहारात मुलांना जमवा. घरातला एक मोबाइल द्या आणि सांगा, आठवड्यात ३६ च फोटो काढायचे: भीती वाटते ती जागा आणि धीर येतो ती जागा. निवडक फोटो छापून भिंतीवर लावा. ज्याचा फोटो, त्याने दोन शब्द बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. बोलायचे नसेल तर जबरदस्ती नको. स्फोटाचे, जखमांचे फोटो मुलांना दाखवू नका. भांडाराच्या हद्दीजवळ कोणीही फोटो काढू नये.

मात्र कला हे औषध नाही, आधार आहे. झोप उडणे, छाती धडधडणे, मोठ्या लेकराने पुन्हा अंथरूण ओले करणे असे महिनाभर चालले, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. त्यात लाज कसली? ताप आला की आपण दवाखान्यात जातोच ना!

जय भीम!