तोंडी तक्रार आणि लेखी अन्याय

शेतकऱ्याचा, सुताराचा, कोष्ट्याचा पोरगा कारखान्यांतून काढला जातो. काय केलेंस, असें विचारलें तर म्हणतो, ‘तक्रार केली होती, साहेब बघतों म्हणाले.’ कागद कोठें आहे? कागद नाहीं! साहेबाच्या कपाटांत मात्र त्याच पोराविरुद्ध नोटिसा व सह्या यांची फाईल तयार असते. कोर्ट कागद वाचतें; पोराचें तोंड वाचीत नाहीं.

बंधुभगिनींनो, ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. २० किंवा अधिक कामगार असतील तेथें तक्रार निवारण समिती पाहिजे, असें तींत लिहिलें आहे. पंच फार तर १०; निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे. कामगारांच्या पंचांपैकीं निम्म्याहून अधिक राजी नसतील, तर तो निकालच नव्हे. म्हणजे किल्ली आपल्या हातीं आहे. पण आपण पंच म्हणून पुढें कोणाला करतों? साहेबाच्या चहाला बसणाऱ्याला! मग समिती मालकाची ओसरी झाली तर नवल कसलें?

आतां दिवस मोजा. तक्रारीचें कारण घडल्यापासून १ वर्षांत समितीकडे अर्ज. समितीला ३० दिवस. निकाल न पटला किंवा लागलाच नाहीं, तर पुढें ६० दिवसांत सरकारी समेट अधिकाऱ्याकडे, व तेंही आपल्या युनियनमार्फत. ज्याला युनियन नाहीं त्यानें कोणाच्या दारीं जावें? ‘पुढच्या आठवड्यांत या’ म्हणत मालक हे दिवस खातो. त्याला न्याय नाकारावाही लागत नाहीं. मुदत टळली कीं त्याचें काम झालें.

कामावरून काढलेल्यानें समेट अधिकाऱ्याकडे स्वतः अर्ज करावा. ४५ दिवस लोटल्यावर सरळ औद्योगिक न्यायाधिकरणांत दावा लावतां येतो. जुन्या कायद्यांत २०१० पासून या दाव्याला ३ वर्षांची मुदत होती. नव्या संहितेनें ती २ वर्षें केली. हें वर्ष कोणाच्या पदरचें गेलें? मालकाच्या खास नव्हे!

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें कोणी सांगतात. मालक तर वकील पदरीं बाळगतो. तो काय वेडा आहे? आणि बांधाच्या वीतभर जागेसाठीं सख्ख्या भावावर पिढ्यानपिढ्या दावे लावणारे आपण, पोटच्या भाकरीसाठींच कां कचरतों?

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढें ठेवला. ते आपल्याच दीनबंधु पत्राचे संपादक. तोंडी रडगाणें त्यांनीं गाइलें नाहीं. कागद पुढें केला.

म्हणून तक्रार लिहा, तारीख घाला, नक्कल ठेवा, पोच मागा. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानें पाठवून पावती जपा. कोऱ्या कागदावर सही करूं नका. लिहितां येत नसेल तर गांवच्या शाळेंत या. आम्ही मास्तर लोक लिहून देऊं, आणि त्याची फी नाहीं.