अनुभवास नोंदणीची जोड हवी

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना ‘कंपाउंडरकाका’ म्हणतो. शाळा सुटताच ते एका दवाखान्यात कामास लागले. डॉक्टरांचे अक्षर वाचावयास शिकले, औषधांची नावे पाठ झाली, आणि पाहता पाहता वीस वर्षे लोटली. डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांस औषध देण्याची कायद्याने मुभा आहे. त्या छायेत काकांचे निभावले. परंतु दवाखाना बंद झाला आणि काका औषधाच्या दुकानात नोकरी मागावयास गेले, तेव्हा ‘नोंदणी आहे काय?’ या एकाच प्रश्नापुढे ते निरुत्तर झाले.

अनुभवापुढे कागदाची मातब्बरी ती काय, असे कित्येकजण विचारतात. १९४८ च्या फार्मसी कायद्याने अनुभवाचा अवमान केलेला नाही. पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यांना पहिल्या नोंदवहीत स्थान होते. पुढे मात्र शिक्षण आवश्यक ठरले, आणि ते योग्यच झाले. पाहून शिकलेल्यास ‘कसे’ हे कळते, ‘का’ हे कळत नाही. ०.५ चे चुकून ५ लिहिले गेले, तर मात्रा दहापट होते. अशा वेळी ज्याचा हात थांबेल, तोच खरा जाणकार. बालकाच्या बाबतीत तर ती चूक प्राणावर बेतावयाची!

बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष काम, एवढ्या तपश्चर्येने ही पात्रता येते. प्रयोगशाळा, क्ष-किरण आदी कामे करणाऱ्यांच्या नोंदणीसाठीही २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे.

‘आम्ही मराठी माध्यमाचे; आम्हांस हे इंग्रजी कसे झेपावे?’ ही भीती आम्हांस अनाठायी वाटते. औषधांची नावे सर्वांनाच परकी असतात. ती परिश्रमाने साध्य होतात. उलट, ‘ही गोळी जेवणानंतर, ही उपाशीपोटी’ हे एखाद्या आजीबाईंना त्यांच्याच भाषेत समजावणारा माणूस दुर्मिळ.

पालकांसही आमची एक विनंती आहे. चार पैसे लवकर हाती येतात म्हणून मुलामुलींना शिक्षण सोडवून दुकानात उभे करू नये. आणि प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेस फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. मान्यता नसेल तर पदविका हाती येईल, नोंदणी होणार नाही.

कंपाउंडरकाकांचा हात आजही स्थिर आहे. उणीव होती ती दोन वर्षांच्या शिक्षणाची. आमच्या विद्यार्थ्यांनी ती उणीव आपल्या आयुष्यात राहू देऊ नये.