ओसरी म्हणजे घर नव्हे



‘कुटुंबाकडे पक्के घर उपलब्ध.’

घरकुलाच्या यादीत माझ्या नावासमोर एवढाच शेरा आहे. चार शब्द. तो वाचून मी घरी आलो आणि ओसरीवर बसलो, कारण त्या पक्क्या घरात मला बसायला दुसरी जागा नाही. घर पक्कं आहे, यात खोटं काही नाही. स्लॅब आहे, तीन खोल्या आहेत, दारावर गणपतीची फरशी आहे. पण ते माझ्या थोरल्या भावाचं आहे. माझ्या वाट्याला ओसरीचा तुकडा, बाज मावेल एवढा. वर पत्रा, अंगणाच्या बाजूला जुनी ताडपत्री, उशाशी कुबड्या. वळवाचा पाऊस आला की मी आणि वहिनीची शेळी एकाच कोपऱ्यात सरकतो. शेळीला अजून कुणी ‘पक्के घर उपलब्ध’ म्हटलेलं नाही, एवढाच आमच्यात फरक.

अनुदान पुरत नाही, वेळेवर येत नाही, खोलीमालक दारातूनच वाटेला लावतात, हे सांगायला मी पत्रक छापलेलं नाही. ते तुम्ही रोज भोगता. मला बोलायचंय ते फक्त एका शब्दावर, ‘कुटुंब’ या शब्दावर. वयात आलेल्या अपंग माणसाला भावाच्या, बापाच्या, पुतण्याच्या रेशनकार्डावर एक ओळ म्हणून चिकटवायचं आणि मग त्या कार्डाकडे बोट दाखवून त्याला घर नाकारायचं, ही जी रीत आहे तिच्यावर.

मी तहसीलच्या आवाराबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. अठरा वर्षं झाली. कागद कुठे अडतो आणि का अडतो, हे मला साहेबांइतकंच कळतं.

आधी पैशाचं बोलू, लवकर उरकू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये ठरले. त्याआधी १५०० होते. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा ३०० रुपये, तोही ८० टक्क्यांच्या पुढच्या अपंगत्वाला आणि दारिद्र्यरेषेखाली असाल तर. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. दिवसाला दहा रुपये. स्टँडवरचा एक कटिंग.

गेल्या वर्षी मी तालुक्याच्या गावी खोली शोधली. अट एकच, तळमजला आणि संडास जवळ. सात ठिकाणी गेलो. एका मालकीणबाईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, खोली हाय, पण तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाकडं बघायचं?” दुसरीकडे भाडं तीन हजार, डिपॉझिट दहा हजार. अडीच हजारांतून तीन हजार कसे वजा करायचे, ते मला अजून जमलेलं नाही. तिसरीकडे खोली खाली होती आणि संडास जिन्याच्या वळणावर. जिन्याला कठडा नव्हता. दार दोन फुटांचं. मी कुबड्या बाहेर ठेवून भिंत धरून आत गेलो, आत गेल्यावर कळलं की वळायला जागाच नाही. तसाच उलटा बाहेर आलो. मालक बाहेर उभा होता, तो दुसरीकडे बघत होता. भला माणूस.

भाडेकरार मात्र सातांपैकी कुणीच लिहून द्यायला तयार नव्हतं. आणि इथे खरी गोम आहे. करार नाही म्हणजे वेगळा पत्ता नाही. वेगळा पत्ता नाही म्हणजे कार्ड विभक्त होत नाही. “वेगळी चूल दाखवा,” मला खिडकीतून सांगितलं गेलं. चूल मांडायला भिंतीचा आडोसा लागतो. भिंत हवी म्हणून घरकुल मागतोय. घरकुल मागितलं की विचारतात, कार्ड वेगळं आहे का? तेल्याच्या बैलाला निदान संध्याकाळी सोडतात.

कार्ड एक असण्याची शिक्षा घरकुलावर थांबत नाही. अनुदानासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये, तीही कुटुंबाची. म्हणजे भावाने उन्हातान्हात ऊस तोडून चार पैसे जास्त आणले की माझे अडीच हजार धोक्यात. भाऊ कष्टाळू निघाला, हा माझा गुन्हा.

ही रीत कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती वरून आलेली आहे. घरकुलाच्या याद्या ज्या २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणावर उभ्या राहिल्या, त्यात ग्रामीण वंचितपणाचे सात निकष होते. एक आपला होता. तो नीट वाचा: ज्या कुटुंबात अपंग सदस्य आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही, ते कुटुंब वंचित. एकही नाही! घरात एक धडधाकट माणूस निघाला की अपंग माणूस वंचितांच्या रकान्यातून बाहेर. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. पोलिओ गेला. ज्यांना तो होऊन गेला होता ते राहिले, आणि त्याच वर्षापासून सुरू झालेल्या या मोजणीत भावाच्या घरात मोजले गेले.

आता आमच्याच जिल्ह्यातली दुसरी मोजणी बघा. ऊसतोडीच्या हिशेबात माझा भाऊ आणि वहिनी अशी जोडी मिळून एक कोयता. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, घर बंद होतं आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात कोपी. मुकादमाच्या वहीत मी कोयता नाही, अर्धा कोयताही नाही. मुकादमाला मी शंभर नावं ठेवीन, पण या बाबतीत तो सरळ आहे: ज्याची उचल देत नाही त्याला तो कुटुंबात धरत नाही. सरकार मला घर देत नाही आणि तरी भावाच्या कुटुंबात धरतं.

मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, आता ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहंही आहेत. असावीतच. पण मागे राहिलेल्या पांगळ्या चुलत्याचं, आंधळ्या आत्याचं काय? दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलापाशी एक मावशी आल्या. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. पुतण्या आणि सून फडावर गेले, जाताना घराला कुलूप लावून गेले, कारण आत धान्य होतं. मावशी समाजमंदिरात झोपत होत्या. घरकुलाचा अर्ज मी लिहिला. उत्तर तुम्हाला पाठ आहे: कुटुंबाकडे पक्के घर उपलब्ध. उपलब्ध! मावशींनी मला विचारलं, “काय लिवलंय?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग त्यान्ला म्हणावं, कुलूप बी उघडून द्या.”

कुणी म्हणेल, आरक्षण आहे ना? आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३७, घरांच्या योजनांमध्ये पाच टक्के, त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य. पण पाच टक्के पंगतीतल्यांना. आम्हाला मांडवाच्या दारातूनच परत पाठवलेलं आहे. जागा विकत घ्यायला सरकार पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून एक लाखापर्यंत देतं. कुणाला? ज्याचं नाव घरकुलात बसलं त्याला.

मग येतात शहाणे लोक. पहिला शहाणा म्हणतो, “भाऊ सांभाळतो ना?” सांभाळतो. वहिनी दोन वेळा ताट देते, कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तिचा मोठा पोरगा आता लग्नाचा झालाय, त्याला खोली लागेल, आणि त्या दिवशी ओसरीवर माझी बाज राहील की नाही हे मला माहीत नाही, भावालाही नाही. सांभाळणं हा त्यांचा चांगुलपणा आहे. त्या चांगुलपणाचा दाखला काढून माझ्याच अर्जाला जोडण्याचा हक्क सरकारला कुणी दिला?

दुसऱ्याला आमची फार काळजी. “एकटं राहायला जमेल का?” साहेब, वर्षातले सहा महिने मी एकटाच राहतो, तुमच्या त्या कुटुंबात. आणि जमेल की नाही हे ठरवायचं कुणी? त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ म्हणतं की दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि अमुकच ठिकाणी, अमुकच व्यवस्थेत राहण्याची सक्ती त्याच्यावर होऊ नये यासाठी शासनाने झटावं. ओसरीची सक्ती ही सक्ती नव्हे काय?

तिसरा माझ्या डोक्यातच जातो. “अपंगांना वेगळं कुटुंब धरलं तर सगळेच कार्डं फोडतील, बोगस लोक घुसतील.” बोगस? बदली सोयीची व्हावी म्हणून अपंगत्वाची खोटी प्रमाणपत्रं जोडल्याच्या प्रकरणात निलंबित झालेल्या गुरुजींच्या बातम्या याच जिल्ह्याने वाचल्या. त्यांना पगार होता, घर होतं, फक्त पाय अधू हवे होते. तेव्हा दाखल्यावर तपासणी चालली. आता ती तपासणी आमच्या ओसरीवर कशाला?

प्रौढ माणसाला स्वतंत्र कुटुंब धरणं अशक्य आहे, असं सांगणाऱ्यांना २०१३ चा भूसंपादन कायदा दाखवा. त्यात प्रत्येक प्रौढ व्यक्ती, लग्न झालेलं असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मानली आहे. म्हणजे उद्या आमच्या शिवारात साठवण तलाव निघाला आणि भावाचं घर पाण्याखाली जाणार ठरलं, तर मी त्याच क्षणी वेगळं कुटुंब होतो. घर बुडालं तर माझी मोजणी वेगळी, घर शाबूत असेल तर मी भावाच्या कार्डावरची शेवटची ओळ.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय झाली. आमच्या ओसरीवरही मंडळी आली. पेटी, लिफाफे, बरोबर पोलीस. पडदा धरायला जागा कमी पडली म्हणून बाज अंगणात काढावी लागली. त्या दिवशी कुणी विचारलं नाही की तुमचं मत भावाच्या मतात धरू का.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. अभिनंदन. विभाग स्वतंत्र झाला, मंत्रालयात पाटी लागली, ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ झालं. माझ्या आधारकार्डावर पत्त्याच्या आधी अजून ‘द्वारा’ आहे आणि पुढे भावाचं नाव.

मागणी एकच. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेली प्रत्येक प्रौढ व्यक्ती घरकुल, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला या तिन्हींसाठी स्वतंत्र कुटुंब धरावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आपापल्या गावी हा ठराव मांडा. अध्यक्ष म्हणतील, हा विषय आपल्या अधिकारातला नाही. म्हणू द्या. ठराव वहीत लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा, शिक्क्यासकट.

ठरावाचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. तहसीलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. येताना रेशनकार्डाची आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणा. इतर अर्जांचे तीस रुपये घेतो. याचे घेणार नाही.