पायाखाली धडधड

तर झालं असं. गेल्या महिन्यात पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरत होते. वळणाआधी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडलनं चक्क उलट ढुशी दिली. धक्, धक्, धक्... स्पीड कमी होईल तशी धडधड संथ व्हायची, पाय उचलला की गायब. स्टीअरिंगलाही हलकी थरथर. शेजारी आई, मागे बाबा. मी गिअर खाली टाकला, तोंडातून शब्द काढला नाही.

गाडी बाबांची, 2008 ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून री-पासिंग करून आणलेली, त्यामुळे घरात तिच्याबद्दल वाकडं बोलायची सोय नाही. वाईत चहाला थांबलो तेव्हा धीर करून म्हटलं, "बाबा, ब्रेकचं पेडल थरथरतंय." बाबा कपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुलाही जाणवलं? मला वाटलं, माझाच पाय थरथरतोय."

दोन महिने! दोन महिने हा माणूस "तूच चालव गं, मला कंटाळा आलाय" म्हणत किल्ली माझ्या हातात देत होता. अडुसष्टाव्या वर्षी पाय थरथरतो म्हणजे काय, हे डॉक्टरांना विचारायचीही भीती वाटत होती त्यांना. आणि मी येडी खूश, की गाडी मिळाली!

सोमवारी ऑफिसच्या वाटेवरच्या एका चकाचक वर्कशॉपमध्ये गेले. गाडीचं चाकही न काढता निकाल लागला: "मॅडम, डिस्क वाकल्यात. डिस्क, पॅड, ड्रम, लायनर, सगळं बदला." एस्टिमेट बघून डोकं आऊट. वाकल्यात हे कळलं कसं बॉस, मोजलं कुठे?

मग गाठले बाबांच्या ओळखीतले गॅरेजवाले काका. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. एबीएस आहे का? नाही. (असतं तर निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरणं नॉर्मलच.) पेडल खोल जातं का, स्पंजसारखं लागतं का? नाही. तसं असतं तर गाडी जागेवरून हलवायची नाही, तो आजारच वेगळा.

मग मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, तीसच्या स्पीडला हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि तो अलगद ओढला. आमच्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. ड्रम लंबगोल झाला असता तर गाडीनं ठेक्यात हिसके दिले असते. आमची लोण्यासारखी थांबली. ड्रम निर्दोष! संशय पुढच्या डिस्कवर. स्टीअरिंग थरथरत होतं, ते यासाठीच.

आता खरी मजा. डिस्क पापडासारखी 'वाकते' असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा तसं नसतं. तिची जाडी एका जागी थोडी जास्त, एका जागी थोडी कमी झालेली असते. जाड भाग आला की पॅड मागे रेटले जातात, पिस्टन आत जातो, ब्रेक ऑइल उलटं ढकललं जातं आणि पेडल तुमच्या पायाला वर ढकलतं. पातळ भाग आला की खाली. काकांनी मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी जाडी मोजली. फरक किती? 0.03 मिलिमीटर. केसापेक्षाही कमी, आणि त्यावर बाबांनी स्वतःला म्हातारं ठरवलं होतं.

"पावसाळ्यात पंक्चर काढलंत का?" काकांनी विचारलं. काढलं होतं, ताम्हिणीला. त्या पोऱ्यानं गननं चारही नट ओळीनं आवळले होते, कर्रर्र करून. कुठे जास्त, कुठे कमी. त्यात हब आणि डिस्कच्या मध्ये गंजाची खपली. डिस्क थोडी तिरकी बसली, दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासत राहिली आणि हळूहळू झिजली. म्हणूनच त्रास पंक्चरनंतर लगेच नाही, हजारो किलोमीटरनंतर सुरू झाला. आपण पंक्चर विसरूनही जातो.

काकांनी हब तारेच्या ब्रशनं लखलखीत केला. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्यापेक्षा आमची बिडाची डिस्क अजून जाड होती. म्हणून दोन्ही डिस्क लेथवर हलक्या हातानं सपाट केल्या. आकड्याच्या खाली गेली असती तर सरळ नवी जोडी, तिथे कंजुषी नाही. पॅड नवे. आणि नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं, टॉर्कच्या पान्यानं. बिल वर्कशॉपच्या एस्टिमेटच्या चौथा हिस्सासुद्धा नाही.

नवे पॅड बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर काही वेळा स्पीड हळूहळू कमी करायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. तापलेले पॅड एकाच जागी दाबून धरले तर डिस्कवर डाग बसतो आणि धडधड परत. हे काम मी करणार होते. रविवारी सकाळी सहाला किल्ली शोधायला गेले तर खुंटीवर नव्हती. खाली बघितलं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, काच पुसलेली, इंजिन चालू.

"चल लवकर," म्हणाले, "आणि मध्येमध्ये सूचना द्यायच्या नाहीत."