काठावरची कसोटी

पाण्यात तरंगणारे आणि जमिनीवरही धावणारे वाहन म्हटले, की पाहणाऱ्याचे कुतूहल त्याच्या तरंगण्यावरच खिळून राहते. वस्तुतः तरंगणे हा त्यातला सोपा भाग. उभयचर वाहनाची खरी परीक्षा होते ती पाणी संपून जमीन सुरू होते त्या थोड्या अंतरात. भरल्या लाटेत होडी किनाऱ्याला लावणाऱ्या आमच्या रापणकारास हे कोणी सांगावयास नको.

पाण्यात असेतोवर वाहनाचा भार पाणीच पेलते. काठाशी पुढची चाके तळाला टेकतात खरी. परंतु त्यांवर पुरेसा भार नसल्याने पकड मिळत नाही आणि ती जागच्या जागी फिरतात. म्हणून चाके फिरत असतानाच मागील पंख्याचा रेटा चालू ठेवावा लागतो. त्यातून पहिले वाहन कसेबसे चढलेच, तर त्याच्या अंगावरून निथळलेल्या पाण्याने तोच काठ दुसऱ्यासाठी निसरडा होऊन बसतो.

या थोड्या अंतराची किंमत २० नोव्हेंबर १९४३ रोजी प्रशांत महासागरातील तारावा येथे मोजली गेली. भरतीचे पाणी अपुरे पडल्याने अमेरिकी सैनिकांच्या साध्या होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या, आणि शेकडो यार्ड पाणी तुडवीत निघालेली माणसे जपानी गोळ्यांना बळी पडली. पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहने मात्र तो कडा चढून गेली. पण पुढे माडाच्या ओंडक्यांच्या बुटक्या भिंतीपाशी त्यांतली बहुतेक थबकली. गंमत अशी, की या वाहनाचा मूळ नमुना डोनाल्ड रोब्लिंग याने फ्लॉरिडाच्या दलदलीत वादळग्रस्तांच्या सुटकेसाठी बनविला होता!

आज हे वाहन पुन्हा त्याच कामी येत आहे. ऑगस्ट २०२५ मधील पंजाबच्या महापुरात आपल्या लष्कराने अमृतसर जिल्ह्यात ‘एटोर’ ही प्रचंड, मऊ टायरांची वाहने उतरविली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र अशी वाहने खरेदी करणाऱ्या राज्य सरकारांनी तलावाच्या फरसबंद घाटावरील प्रात्यक्षिकावर समाधान मानू नये. ऐन पावसाळ्यात, खचलेल्या चिखलट काठावर, पुरती माणसे बसवून ते वाहन वर येते काय, आणि त्याच वाटेने दुसरे व तिसरे येते काय, हे पाहूनच कागदावर सही करावी.