पहारेकऱ्याचे पाहुणे

वसमतच्या मोंढ्यात 'लिंकिंग' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ऐन खरिपात शेतकरी युरियाचे पोते मागायला दुकानात जातो आणि दुकानदार म्हणतो, "पोते आहे, पण सोबत ही बाटलीही घ्यावी लागेल." बाटलीत काय आहे, आपल्या रानाला तिचा उपयोग काय, हे विचारण्याची ती वेळ नसते, पीक पिवळे पडू लागलेले असते. बाटली घरी येते आणि पुढचा पावसाळा येईतो माळ्यावर पडून राहते. या प्रकाराला शेतकरी शिव्या देतो, वर्तमानपत्रे त्याविरुद्ध लिहितात, सरकारही विक्रेत्यांना पुन्हा पुन्हा तंबी देते. प्रकार थांबत नाही हे खरे. परंतु तो गैर आहे याबद्दल निदान कोणाच्या मनात किंतु नाही.

हाच व्यवहार संगणकावर झाला म्हणजे मात्र आपण त्याला 'मोफत अँटीव्हायरस' असे गोंडस नाव देतो आणि वर आभारही मानतो!

तहसील कचेरीच्या आजूबाजूला ऑनलाइन सेंटरांच्या पाट्या असतात, वसमतला काय आणि औंढ्याला काय. तेथल्या संगणकावर सातबारा निघतो, पीकविम्याचे अर्ज भरले जातात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म जातात. त्याच्या पोटात तालुक्यातल्या कितीतरी कुटुंबांची आधार कार्डे आणि पासबुकांच्या प्रती साठलेल्या असतात. हे सारे राखायला म्हणून कोणीतरी एक फुकटचा अँटीव्हायरस उतरवून घेतो. तो बसवताना पडद्यावर चारपाच पाने येतात. मधल्या एखाद्या पानावर बारीक अक्षरांत एक मजकूर असतो, त्याच्यापुढे एक चौकोन, आणि चौकोनात बरोबरची खूण आगाऊच केलेली! अमुक ब्राउझरही बसवा, शोधासाठी तमुक पान पहिले करा, 'सफाई'चा हा आणखी एक प्रोग्राम घ्या. दुकानापुढे माणसे ताटकळत उभी असतात. 'नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट' असे दाबून तो माणूस मोकळा होतो. दारावर राखणदार ठेवावा आणि सकाळी उठून पाहावे तो त्याचा मेहुणा ओसरीवर, चुलतभाऊ माजघरात आणि कोणी एक दूरचा मामा तिजोरीच्या खोलीत घोरत पडलेला, अशातला हा मामला आहे.

बरे, हे पाहुणे नुसते घोरतही नाहीत. संगणक जड होतो. ब्राउझर उघडावा तो भलतेच पान समोर येते. दर घटकेला कोपऱ्यातून लाल पाटी उगवते की तुमच्या संगणकात शेकडो दोष सापडले आहेत, ते काढावयाचे असतील तर पूर्ण आवृत्ती विकत घ्या. हे 'दोष' तपासून पाहिले तर पुष्कळदा जुन्या तात्पुरत्या फायली आणि ब्राउझरच्या कुकीज एवढेच निघतात. घरातल्या केराला दरोडेखोर म्हणावे तसे. वैद्याने रोगी तपासण्याआधीच त्याला घाबरवून सोडावे, हा धंदा जुनाच आहे. नवे एवढेच की, येथे वैद्य घरात राहायला आलेला असतो.

ही रीत थोरामोठ्यांनीच घालून दिली. अडोबीचा फ्लॅश प्लेअर जेव्हा चालत होता तेव्हा त्याच्यासोबत मॅकअफीचा एक तपासणीचा प्रोग्राम असाच आगाऊ खूण करून येत असे. ओरॅकलच्या जावाबरोबर 'आस्क'चा टूलबार येई. एव्हीजी हा तर स्वतःच अँटीव्हायरस. त्याने आपला टूलबार आणून लोकांचे शोधाचे पान बदलले. ज्याच्या भरवशावर आपण असले उपरे प्रोग्राम हाकलायचे, तोच उपऱ्यांना घेऊन येऊ लागला.

पण या सर्वांवर कळस चढवला तो अव्हास्टने. प्राग शहरातली ही कंपनी. तिचा फुकटचा अँटीव्हायरस जगभर कोट्यवधी संगणकांवर होता. २०२० च्या जानेवारीत पत्रकारांनी उघडकीस आणले की ही कंपनी आपल्या ग्राहकांची माहिती, म्हणजे कोण केव्हा कोणते पान उघडतो याची बारीकसारीक नोंद, जम्पशॉट नावाच्या आपल्याच पोटकंपनीमार्फत विकत आहे. बोभाटा होताच जम्पशॉट बंद करण्यात आली. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. कमिशनचे म्हणणे असे की, हा उद्योग २०१४ पासून चालू होता, शंभराहून अधिक गिऱ्हाइकांना हा माल गेला, आणि त्याच काळात कंपनी लोकांना सांगत होती की तुमचा माग काढणाऱ्यांना आम्ही अडवतो!

वसमतकरांना ही गोष्ट हळदीच्या भाषेत सांगता येईल. २०२४ साली ज्यांच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांना हळदीची पारख दुसऱ्याने शिकवावयास नको. भाजीत घालायच्या हळदीत पिवळा रंग मिसळला तर ती भेसळ वाईटच. परंतु जखमेवर दाबण्यासाठी जी चिमूट घाईघाईने घ्यावयाची, तिच्यातच कोणी रंग मिसळला तर त्या माणसाला काय म्हणावे? साधा खेळ किंवा गाणी ऐकण्याचा प्रोग्राम चार पाहुणे घेऊन आला तर राग येतो. संरक्षणाच्या नावाने तेच झाले तर तो विश्वासघात आहे, आणि त्याला तोच शब्द वापरला पाहिजे.

जाता जाता एक गंमत सांगतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस सोडला. घरगुती संगणकांच्या पहिल्यावहिल्या व्हायरसांपैकी तो एक. त्या व्हायरसात त्यांनी आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवले होते. व्हायरसवाल्यांनी पत्ता दिला होता. आणि आजचा अँटीव्हायरस सोबत कोणाला आणतो आहे हे मात्र आपण भिंग घेऊन वाचावे लागते.

यावर कोणी म्हणेल, "फुकट घेता आणि वर तक्रार करता? कंपनीने काय उपाशी राहावे?" प्रश्न रास्त आहे. कंपनीने उपाशी मुळीच राहू नये. तिने किंमत सांगावी! पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या कैलास काटकरांनी धाकटे बंधू संजय यांच्यासह क्विक हीलचा उद्योग उभारला. तो डबा किंमत लावून विकला गेला आणि २०१६ मध्ये कंपनी शेअरबाजारापर्यंत पोचली. त्यांच्या मालाची वकिली मला करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच की, किंमत उघड सांगूनही हा धंदा होतो. आणि फुकट द्यावयाचेच असेल तर तेही सरळपणे देता येते. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून संगणक साफ करण्याची साधने फुकट दिली आहेत.

उलट, पैसे मोजले म्हणजे पाहुण्यांपासून सुटका होतेच असेही नाही. नॉर्टनने २०२१ मध्ये आपल्या विकतच्या अँटीव्हायरसात आभासी नाणी खणण्याचा एक प्रोग्राम घालून दिला. तो मालकाने चालू केल्याशिवाय चालत नसे, हे कबूल केले पाहिजे. पण चालू केला म्हणजे वीज मालकाची, यंत्र मालकाचे आणि कमाईतले १५ टक्के कंपनीचे! आज नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या मालकीची आहेत. बाजारात चार पाट्या दिसतात, गल्ल्यावर मालक एकच बसलेला असतो.

माझा खरा आक्षेप मात्र त्या आगाऊ केलेल्या खुणेवर आहे. ती खूण म्हणजे आपली संमती, असे कंपनी सांगते. कोणाची संमती? पान इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे, आणि 'नको' म्हणण्याचे बटण फिकट रंगात दडवलेले. वसमतचा दुकानदार ते वाचत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवणे सोपे आहे. पण ते पान न वाचले जाण्यासाठीच रचलेले असते. यातून आणखी एक नुकसान होते आणि त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. न वाचता 'नेक्स्ट' दाबण्याची सवय माणसाला येथेच लागते, आणि उद्या खऱ्या लुटारूचे पान समोर आले म्हणजे तो तेच बटण त्याच सवयीने दाबतो.

कायदा अगदीच नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. गिऱ्हाइकाच्या टोपलीत न सांगता माल सरकवणे हा एक, आणि व्हायरसची खोटी भीती घालून पैसे उकळणे हाही एक. २०२३ च्याच वैयक्तिक माहितीच्या कायद्याने तर संमतीचे पान आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय द्यावी असे म्हटले आहे. त्या भाषांत मराठी आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची सवड मिळाली. सवड संपल्यावर हे पान मराठीत दिसते की नाही, यावर ग्राहक पंचायतींनी आणि मराठीचा अभिमान सांगणाऱ्यांनी डोळा ठेवावा. दुकानांच्या पाट्यांइतकाच हा विषय मराठीचा आहे. तोवर तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

कोणी असे समजू नये की, अँटीव्हायरस नकोच असे मी म्हणतो आहे. पहारा हवाच. पण पुष्कळ घरांना ठाऊक नसते की, विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'डिफेंडर' हा पहारेकरी विंडोजसोबतच येतो आणि घरगुती कामाला तो पुरतो. बाहेरचा दुसरा आणला की तो बापडा बाजूला सरतो. विंडोजच्या सुरक्षेच्या पानात नको असलेले प्रोग्राम अडवण्याची एक कळही आहे. ती चालू आहे ना हे पाहावे. दुसरा अँटीव्हायरस घ्यावयाचाच असेल तर तो कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून घ्यावा, बसवताना 'कस्टम' निवडावे आणि प्रत्येक चौकोनातली खूण वाचून काढावी. चोरून 'क्रॅक' केलेला अँटीव्हायरस म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेणे.

दिवाळीला पुण्या-मुंबईहून मुले घरी येतात. फराळ झाला की त्यांतल्या एकाला घरच्या संगणकापुढे बसवावे आणि प्रोग्रामांची यादी उघडायला लावावी. कोणी बोलावले हे घरात कोणालाच सांगता येत नाही असे पाहुणे तेथे हटकून निघतील. त्यांना निरोप द्यावा. ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शनेही पाहावी. महत्त्वाच्या कागदांची आणि फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कपाटात ठेवावी. संगणक विंडोज १० वर असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

सेंटरवरचा संगणक आपल्या हातात नसतो. तेथे काम झाले की लगेच उठू नये. आधारची आणि पासबुकाची जी प्रत त्या संगणकात गेली, ती आपल्यासमोर पुसायला सांगावी, आणि मग पडद्यावरची कचरापेटीही रिकामी करायला लावावी. मागे माणसे उभी आहेत म्हणून संकोच करू नये. त्यांचीही कागदपत्रे त्यातच जाणार असतात.